बाईसाहेबांची कात

१

रविवारी दुपारी एक वाजता वरच्या मजल्यावरच्या काचेच्या पेटीचं झाकण उघडं सापडलं, आणि दीड वाजायच्या आत सोळा घरांच्या त्या इमारतीतल्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातात चप्पल आली.

पेटीत राहत होता कोळी. छताच्या कोपऱ्यात जाळं विणत बसतो तसला गरीब नव्हे. परदेशी, टॅरँटुला म्हणतात त्या जातीचा, तळहाताएवढा, अंगभर तपकिरी केस. वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या मुलाने सहा वर्षांपूर्वी तो नखाएवढा असताना आणला होता. मादी होती, आणि तिचे नखरे फार, म्हणून त्याने तिचं नाव ठेवलं बाईसाहेब. आठ महिन्यांपूर्वी कामावरून घरी येताना मुलगा रस्त्यातच गेला. बाईसाहेब राहिल्या. अशा जातीची मादी वीस-वीस वर्षं जगते म्हणे.

तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला दुकान असलेल्या घड्याळजींना ही बातमी दिली ती वहिनींच्या लेकीने. ती धापा टाकत खाली आली आणि म्हणाली, "काका, चला लवकर. आईने नुसता आकांत मांडलाय." घड्याळजींनी उघडलेलं घड्याळ पेल्याखाली झाकून ठेवलं आणि निघाले. वहिनींचे यजमान त्यांचे जिवलग मित्र. मित्र गेला, मग मित्राचा मुलगा गेला, आणि घड्याळजींचं वर जाणं महिन्यातून एकदावर आलं. गुडघे दुखतात, असं ते स्वतःला सांगायचे. जिन्यात ते पुढे होते आणि लेक मागे.

वहिनी पेटीसमोर जमिनीवर बसल्या होत्या. पेटीत बोटभर उंच कडांची पाण्याची वाटी, एक लाकडाचा तुकडा आणि वीतभर खोल माती. वर झाकण अर्धवट सरकलेलं. लेक लगेच विजेरी घेऊन पलंगाखाली वाकली.

"भावोजी," वहिनी म्हणाल्या, "सकाळी नऊला मी पाणी बदललं. मग झाकण लावलं की नाही, तेच आठवत नाहीये हो. रोज लावते. हाताला सवय आहे. पण आजचं म्हणाल तर डोळ्यांपुढे काही येत नाही."

"लावलंच असेल."

"असेल नको मला. तुम्ही बिघडलेलं घड्याळ उघडून सांगता ना, कुठे अडलं ते? तसं सांगा. झाकण मी उघडं ठेवलं का? त्याने जाताना एकच जीव माझ्या हवाली केला, आणि तोही मी वेंधळेपणाने घालवला असेल, तर मला ते कळलं पाहिजे."

घड्याळजी काही बोलणार तेवढ्यात जिन्यातून अध्यक्षांचा आवाज आला, अगदी इमारत हादरेल असा. "मारला! या सगळे! मारला!"

२

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर इमारतीचे अध्यक्ष एका पायात चप्पल आणि एका हातात चप्पल घेऊन उभे होते. गेल्या सहा वर्षांत त्यांनी या कोळ्याविरुद्ध अकरा पत्रं लिहिली होती. त्यांच्या चेहऱ्यावर आज बाराव्याची गरज संपल्याचं समाधान होतं. आजूबाजूला माणसं जमली होती. कोणी पाठ थोपटली, कोणी फोटो काढला.

घड्याळजींनी खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि खाली बसले. लोकांना वाटलं, म्हातारा उगाच भाव खातोय. त्यांनी चिमट्याने एक पाय उचलला, दुसरा उचलला, मग पाठीवरची वाटोळी टोपणासारखी पापडी उलटी केली.

"हिच्यात काही नाही," ते म्हणाले.

"काही नाही म्हणजे?"

"पोकळ आहे. ओल नाही, मांस नाही. साप टाकतो तशी ही कात आहे. पाठीवरचं हे झाकण उघडून प्राणी कधीच बाहेर निघून गेलाय. अध्यक्षमहाशय, तुम्ही बाईसाहेबांचा जुना अंगरखा मारलात."

एरवी यावर कोणीतरी हसलं असतं. पण अंगरखा इथे असेल तर बाईसाहेब कुठे, हा प्रश्न सगळ्यांना एकदमच पडला आणि सगळ्यांची पाचावर धारण बसली. सभा तिथेच जिन्यात भरली. शनिवारी सकाळी संपूर्ण इमारतीत फवारणी करायची, एकही घर वगळायचं नाही, असा ठराव झाला. कागद फिरला. वहिनींना कोणी विचारलं नाही. पंधरा घरांच्या सह्या झाल्या, त्यात एक घड्याळजींची होती. त्यांनी सही केली नसती तर फवारणी थांबली असती असं नाही. पण त्यांनी केली, हेही खरं.

चिरडलेली कात त्यांनी घड्याळाच्या रिकाम्या डबीत घालून खाली आणली. दिव्याखाली नीट पाहिल्यावर त्यांना एक गोष्ट दिसली. पोटाच्या मधोमध एक भोक होतं, सुईच्या टोकाएवढं, काठ अगदी साफ. चपलेने तसलं भोक पडत नाही.

पुढचे दिवस इमारतीने जे काही केलं ते सांगितलं तर तिचीच लाज जाईल. दारांच्या फटीत टॉवेल कोंबले गेले. दूधवाला फाटकातच पिशव्या टाकून पळू लागला. एका गृहस्थांनी न्हाणीघरात आपल्याच दाढीच्या ब्रशला झाडूने झोडपलं आणि मग बायकोला सांगितलं की पाय घसरला. आणि जिन्यात वहिनी दिसल्या की लोक भिंतीला चिकटून वाट देत, जणू कोळी त्यांच्या खांद्यावरच बसलाय.

३

घड्याळजींनी वहिनींच्या घरी बसून रविवारची सकाळ घड्याळासारखी सुटी सुटी करून पाहिली. नऊला पाणी बदललं. दहाला अध्यक्ष आले, अकराला समोरच्या दारातल्या शिकवणीच्या बाई, बाराला लेक. प्रत्येकासाठी वहिनी चहा करायला आत गेल्या होत्या. म्हणजे प्रत्येकजण पाच-सात मिनिटं पेटीच्या खोलीत एकटा होता.

"आणखी काही वेगळं घडलं होतं का?"

"दोन आठवडे तिने झुरळाला तोंड लावलं नव्हतं," वहिनी म्हणाल्या. "वर पण फारशी यायची नाही. मला वाटलं, तिलाही त्याची आठवण येत असेल. हसाल तुम्ही."

घड्याळजी हसले नाहीत. त्यांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. त्यांना माणसांची चौकशी करायची होती.

अध्यक्ष भडकलेच. "मी हात लावीन? त्या पेटीला? अहो, मी नोटीस द्यायला गेलो होतो. ती टेबलावर ठेवली, चहा ढोसला आणि आलो. आणि आता ऐका, मला तो कोळी घराबाहेर हवा होता. जिन्यात नको होता! जिन्यातून तर मी रोज ये-जा करतो!"

तो मुद्दा बिनतोड होता.

शिकवणीच्या बाईंना रडूच आलं. "माझी बारा मुलं यायची, आता पाच येतात. पालक म्हणतात, समोरच्या घरात जनावर आहे. मला राग नव्हता असं कशाला म्हणू? होता. पण काका, मी त्या घरात पेटीकडे पाठ करून बसते. रविवारी तर त्यांचं भांडं परत द्यायला गेले आणि चहा डोळे मिटून प्यायले. जीभ भाजली."

लेक स्वयंपाकघरात भांडी घासत होती. रविवारपासून ती आईजवळच राहायला आली होती. घर, नोकरी, नवरा सगळं तिथून सांभाळत होती, आणि इमारतीत तिच्या गुणांचं कौतुक चाललं होतं.

"काका, आईला सारखं सारखं विचारू नका ना," ती हळू आवाजात म्हणाली. "तिला हल्ली काही आठवत नाही. झाकण तिनेच उघडं ठेवलं असणार. एकदा मान्य केलं की सुटेल ती. आणि मग माझ्याकडे राहायला येईल. इथे काय उरलंय?"

दरम्यान मंगळवारी पत्रपेट्यांच्या वर दुसरी कात सापडली होती, पहिलीपेक्षा जरा लहान. गुरुवारी सकाळी अध्यक्षांनी बुटात पाय घातला आणि ओरडत बाहेर काढला. बुटात तिसरी, त्याहून लहान.

"पिल्लं!" शिकवणीच्या बाई जिन्यात किंचाळल्या. "पिल्लं झालीत! एक मोठी, एक मधली, एक लहान!"

त्या एका शब्दाने इमारतीचे धाबे दणाणले. दोन कुटुंबं नातेवाइकांकडे गेली. अध्यक्षांनी बाराव्या पत्रात लिहिलं की वहिनींनी महिनाअखेर घर रिकामं करावं, आणि यावेळी त्यावर सह्या घ्यायला त्यांना फिरावंही लागलं नाही. लोक खाली येऊन करून गेले.

घड्याळजींनी तिन्ही काती दिव्याखाली ओळीने मांडल्या. तिघींच्या पोटात, मधोमध, सुईच्या टोकाएवढं भोक. रविवारची मोठी, मंगळवारची मधली, गुरुवारची लहान. कोळी काही दिवसागणिक लहान होत जात नाही. आणि पिल्लाची कात आईच्या निम्म्याने नसते, फार तर नखाएवढी असते, हे त्यांना ठाऊक होतं, कारण मुलाने बाईसाहेबांना आणलं तेव्हा त्यांची पहिली कात त्याने याच भिंगातून पाहिली होती.

म्हणजे तिन्ही काती एकाच बाईसाहेबांच्या, वेगवेगळ्या वर्षांच्या. कोणीतरी त्या जपून ठेवल्या होत्या. आणि कोणीतरी दुसरं त्या एकेक करून वाटत सुटलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी ते गुडघे विसरून वर गेले. "वहिनी, मुलाच्या वस्तू कुठे ठेवल्यात?"

वहिनींनी आतल्या खोलीतल्या कपाटाकडे पाहिलं. "तिथेच आहेत. त्या दिवसापासून मी ते उघडलं नाही, भावोजी. आणि उघडायचंही नाही."

४

उघडलं. घड्याळजींनी जोर केला नाही, फक्त कारण सांगितलं. वहिनींनी दोन्ही दारं एकदम ओढली, जखमेवरची पट्टी काढावी तशी. आतून मुलाच्या साबणाचा वास आला.

शर्ट होते. मुलगा घड्या घालायचा नाही. गुंडाळ्या करून कोंबायचा, आणि त्यावरून मायलेकरांची रोज वादावादी व्हायची ती साऱ्या जिन्याला ऐकू जायची. गुंडाळ्यांच्या तळाशी एक पसरट खोका होता. घड्याळजींनी तो अलगद ओढून काढला.

आत थर्माकोलचा तक्ता, त्यावर टाचण्यांनी टोचलेल्या काती, आणि प्रत्येकीखाली मुलाच्या बारीक अक्षरात तारीख. नखाएवढीपासून सुरुवात आणि मग वाढत वाढत. शेवटच्या तीन तारखांवर टाचण्या तेवढ्या उभ्या होत्या. काती नव्हत्या. खोक्याच्या कडेला एक वही होती, बाईसाहेबांच्या नोंदींची.

"सापडलं!" घड्याळजी म्हणाले. म्हाताऱ्या वयात त्यांचा आवाज चिरकला. "वहिनी, हे पाहा!"

वहिनी पाहत नव्हत्या. त्यांनी गुंडाळ्यांच्या वरचा एक शर्ट उचलला होता. तो एकटाच घडी घातलेला होता. बाह्या पाठीमागे वळवलेल्या, कॉलर आत दुमडून घेतलेली, वर इस्त्री फिरवावी तसा तळहात फिरवलेला.

"ही घडी कोणी घातली?" घड्याळजींनी विचारलं.

"मीच घातली असेन कधीतरी."

"आत्ता तर म्हणालात, त्या दिवसापासून कपाट उघडलं नाही."

वहिनींनी शर्ट होता तसा ठेवला आणि दारं लावली. लेक चहाचे कप घेऊन दारात आली होती. कपाटाकडे पाहून ती जागच्या जागी थांबली आणि मग म्हणाली, "काका, साखर कमी घातलीय, चालेल ना?"

खोका आणि वही घेऊन घड्याळजी दुकानात आले. टाचण्या काढून काढून त्यांनी भोकांत बसवून पाहिल्या. तिन्ही चपखल बसल्या. मग ते शर्टाच्या विचाराला लागले. खोका काढताना वरचा शर्ट खाली पडला असणार. चोर घाईत होता. घाईतला माणूस शर्ट कोंबून टाकतो. या चोराने घडी घातली, कारण हाताला तशी सवय होती, आणि कॉलर आत घेऊन घडी घालायची रीत या इमारतीत एकाच घरात होती. ती रीत वहिनींची. वहिनींनी ती शिकवायचा प्रयत्न दोघांना केला. मुलगा काही शिकला नाही.

दुसरं कोण शिकलं, ते त्यांना आता कळलं. लेकच रविवारी त्यांना बोलवायला खाली आली होती आणि वर जाताना मागे राहिली होती.

कोडं सुटल्याचा आनंद घड्याळजींना झाला. खोटं कशाला बोला, फार आनंद झाला. इतकी वर्षं लोक घड्याळातला काटा का अडला ते विचारायला यायचे, हल्ली तेही कमी झालेले. त्यांनी पुन्हा एकदा टाचण्या बसवून पाहिल्या, कागदावर दिवस आणि वेळा लिहिल्या, बाण काढले. वही मात्र बाजूलाच पडून राहिली. तिच्यात नुसतं कोळ्याचं खाणंपिणं असणार. उद्या सकाळी चाळू, असं म्हणून त्यांनी दुकान बंद केलं.

५

शनिवारी सकाळी दुकान उघडलं तेव्हा फवारणीवाल्यांची गाडी फाटकाशी आली होती, आणि पायरीवर लेक उभी होती.

"काका, तो खोका मला द्या. आईला त्रास होतो."

"आत ये," घड्याळजी म्हणाले. "बस. पहिली कात तू जिन्यात कधी ठेवलीस? मला वर न्यायच्या वेळी ना? मी पुढे होतो."

ती बसली नाही. नाकबूलही गेली नाही. टेबलावर ओळीने मांडलेल्या काती पाहून तिने हातातली पिशवी खाली ठेवली.

"मी तिला मारणार नव्हते, काका. माझ्या ओळखीचा एक माणूस असले प्राणी सांभाळतो. त्याच्याकडे देणार होते. आई चहा करायला गेली म्हणून झाकण उघडलं. तर आत काहीच नाही! मी घाबरले. आईच्या पावलांचा आवाज आला आणि झाकण तसंच राहिलं. एकला तिने पाहिलं आणि तिने जो हंबरडा फोडला..." ती थांबली. "माझा भाऊ गेला तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती."

"आणि मग काती?"

"शोधायच्या निमित्ताने कपाट उघडलं. तो मला प्रत्येक कात दाखवायचा, ताई बघ, ताई बघ करून. मला वाटलं, लोक घाबरतील, घर सोडायला लावतील. मग आई माझ्याकडे येईल."

"वहिनींना तू सांगितलंस की झाकण त्यांनीच उघडं ठेवलं. आठवडाभर रोज सांगितलंस."

"हो, सांगितलं." आता तिचा आवाज चढला. "आठ महिने मी रोज कामावरून इथे येते, काका. दोन बस बदलून. आई पेटीशी बोलते. बाईसाहेब, जेवलात का? बाईसाहेब, गरम होतंय का? मी शेजारी बसलेली असते. मला एकदाही विचारलं नाही की पोरी, तू जेवलीस का. माझाही भाऊच गेला ना?"

घड्याळजींना तिचा राग आला होता, आणि तिची दयाही आली. दोन्ही एकाच वेळी येतं तेव्हा माणूस कोरड्या प्रश्नांकडे वळतो.

"झाकण उघडलंस तेव्हा पेटीत नेमकं काय दिसलं?"

"काही नाही. नुसती माती. अगदी सपाट. तिच्या बिळाचं तोंडसुद्धा दिसत नव्हतं."

"बिळाचं तोंड दिसत नव्हतं?"

घड्याळजींनी वही ओढली. गेल्या वर्षीची नोंद सापडली, मुलाच्या बारीक अक्षरात.

'खाणं बंद करून आज सोळा दिवस. काल बाईसाहेबांनी बिळाचं तोंड मातीने लिंपून घेतलं. आता आत बसून कात टाकतील आणि नवं अंग घट्ट झालं की स्वतःच वर येतील. महिना लागेल. तोवर पेटीला धक्काही लावायचा नाही.'

बाईसाहेब कुठे गेल्याच नव्हत्या. आठवडाभर सोळा घरं ज्यांना पलंगाखाली आणि बुटांत शोधत होती, त्या आपल्या घरात दार लावून बसल्या होत्या.

"फवारणी कुठून सुरू करणार आहेत?" घड्याळजींनी विचारलं.

लेकीने छताकडे पाहिलं. "वरच्या मजल्यावरून. आमच्या घरापासून."

वर जिन्यात पंपाची घरघर सुरू झाली होती.

६

वही बगलेत मारून घड्याळजी वर पोचले तेव्हा तोंडावर फडकं बांधलेला फवारणीवाला पंपाची नळी पुसत होता. वहिनी गॅलरीत होत्या. खोलीतला वास डोळ्यांत घुसत होता, आणि पेटीतली माती काळी, ओली, चिखल झालेली दिसत होती.

"मातीत ओतायला कोणी सांगितलं?"

"साहेबांनी," फवारणीवाला म्हणाला. "म्हणाले, अंडी-पिल्लं असतील, मुळापर्यंत जाऊ दे."

अध्यक्ष दारातच होते, नाकाला रुमाल लावून. त्यांच्या मागे जिनाभर माणसं. घड्याळजींनी बाह्या वर केल्या आणि चमच्याने माती उकरायला घेतली. चार बोटांवर पोकळी लागली. आत जुनी कात नीट कडेला सारून ठेवलेली, आणि शेजारी बाईसाहेब. नव्या अंगाचा रंग मुळी तपकिरी नव्हता, काळाभोर होता, चमकणारा. पाय पोटाशी घट्ट वळलेले. अंग अजून मऊ होतं.

वहिनी जवळ आल्या. त्यांनी पाहिलं.

"ही पेटीतून बाहेर पडलीच नव्हती," घड्याळजी लोकांकडे वळून म्हणाले. "कात टाकायला खाली गेली होती. जिन्यात सापडल्या त्या जुन्या काती, मुलाने टाचण्या टोचून ठेवलेल्या. त्या कोणीतरी काढून मुद्दाम ठेवल्या. पिल्लं नव्हती. काहीच नव्हतं. तुम्ही, मी, आपण सगळ्यांनी सह्या करून हिला हिच्या घरात मारलं."

"ते ठीक आहे," अध्यक्ष म्हणाले, "पण ठेवल्या कोणी? माझ्या बुटात ठेवलीय! नाव सांगा, घड्याळजी. नाव कळलंच पाहिजे."

जिन्यात येताना घड्याळजींनी लेकीला विचारलं होतं, तू सांगशील की मी सांगू? मी सांगते, असं ती म्हणाली होती. आता ती आईच्या मागे उभी होती, हात आईच्या खांद्यावर, नजर जमिनीवर. घड्याळजींनी वाट पाहिली. तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

घड्याळजींनी श्वास घेतला.

"नाव कशाला हवं?" वहिनी म्हणाल्या. "मीच."

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले.

"झाकण मी उघडं ठेवलं. कातीही मीच ठेवल्या. मुलगा गेला त्या दिवशी तुम्ही सगळे आला होतात, त्यानंतर आठ महिन्यांत या दारात कोण आलं सांगा. नोटीस द्यायला आणि भांडं परत करायला. या आठवड्यात मात्र सारखं कोणी ना कोणी वर येत होतं. बरं वाटलं मला."

कोणालाही तो खुलासा पटायला क्षणभरही लागला नाही. ते पाहून घड्याळजींना किळस आली. शिकवणीच्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला. कोणीतरी हळूच म्हणालं, डोक्यावर परिणाम झालाय बिचारीच्या. अध्यक्षांनी घसा खाकरला आणि बाराव्या पत्राचं सोमवारी पाहू म्हणाले. हळूहळू जिना रिकामा झाला. खालच्या मजल्यावर पंप पुन्हा सुरू झाला, कारण बोलावलेल्या माणसांनी काम पुरं करायला हवं.

घरात तिघं उरली.

"आई," लेक म्हणाली. ती रडत होती. "आई, मी..."

"मला काल कळलं," वहिनी म्हणाल्या. "शर्ट पाहिल्यावर. तुला सांगायला रात्र होती, सकाळ होती."

"पण तू माझं नाव घेतलं नाहीस. म्हणजे तू माझ्यावर... आई, चल ना माझ्याकडे. मी बॅग भरते. या वासात राहू नको."

"चार लोकांत तुझी बेअब्रू होऊ दिली नाही, ते आईचं काम होतं. केलं. आठवडाभर मी रोज रात्री झाकण लावल्याचं आठवायला बघत होते, आणि तू शेजारच्या पलंगावर झोपली होतीस. तू मला सांगत होतीस, आई, तुला विसरायला होतं. मी तुझ्याकडे येणार नाही, पोरी. आज नाही आणि पुढेही नाही. जेवून जा हवं तर. पोळ्या झाकून ठेवल्यात."

लेक जेवली नाही. पिशवी घेऊन गेली. तिची पावलं तळमजल्यापर्यंत ऐकू येत राहिली.

घड्याळजींना काहीतरी चांगलं बोलायचं होतं. वहिनींनी झाकण लावलं होतं, हे आता पक्कं झालं, एवढं तरी. त्यांनी तसं म्हटलं.

"हो," वहिनी म्हणाल्या. "ते तुम्ही शोधून दिलंत." त्यांनी पेटीतली वाटी काढून पुसली. मग त्यांची नजर घड्याळजींच्या बगलेकडे गेली. "ती वही काल संध्याकाळपासून तुमच्याकडे होती ना?"

"होती."

"त्यात लिहिलंय ना, ती मातीखाली जाते म्हणून?"

घड्याळजींना खोटं बोलता आलं असतं. अक्षर बारीक आहे, दिवा मंद होता, काहीही. वहिनी त्यांच्याकडे सरळ पाहत होत्या.

"लिहिलंय," ते म्हणाले. "मी काल वाचली नाही. कोणी केलं तेच शोधत बसलो होतो."

वहिनींनी मान हलवली. रागावल्या नाहीत. वहीसाठी हात पुढे केला, ती घेतली आणि दार उघडून बाजूला उभ्या राहिल्या.

"मग तुम्हीही या आता, भावोजी," त्या म्हणाल्या.